कधीपासून?

दादाच्या फाईलच्या पहिल्या पानावर आईच्या अक्षरात सात ओळी आहेत. प्रिस्क्रिप्शनं, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं हे सगळं त्याच्या मागे. जाड होत गेली तशी फाईल तीनदा बदलली. प्रत्येक वेळी आईने ते पान सर्वांत आधी काढलं आणि नव्या फाईलमध्ये सर्वांत आधी लावलं.

जन्मल्यावर उशिरा रडला. दीड वर्षाचा असताना मोठा ताप, एकदा फिट. सहाव्या वर्षी घसरगुंडीवरून पडला, कपाळाला चार टाके. दहाव्या वर्षी घर बदललं, शाळा बदलली. चौदाव्या वर्षी यांनी हात उगारला. सतराव्या वर्षी जवळचा मित्र दुरावला. एकोणिसाव्या वर्षी परीक्षेची जागरणं.

नवीन डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कधीपासून त्रास आहे?" आई पानाकडे न बघता सातही ओळी पाढ्यासारख्या म्हणून दाखवते. डॉक्टरांना खरं तर एवढंच हवं असतं, की आवाज कधीपासून ऐकू येतात, झोप कधीपासून गेली. त्याचं उत्तर दोन शब्दांत संपतं. आई दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असते. तो कुणी विचारलेला नसतो.

दादा एकोणीस वर्षांचा होता, मी सतरा. एका संध्याकाळी त्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला. घड्याळ आपल्याबद्दल काहीतरी सांगतंय, असं तो म्हणाला. इतक्या शांतपणे, की मला आधी गंमतच वाटली. त्याआधीचं वर्षभर तो गप्प गप्प होत गेला होता. मित्रांचे फोन घेईना, अंघोळ टाळायचा, समोर पुस्तक उघडं ठेवून तासन्‌तास एकाच पानावर बसायचा. आम्ही सगळे म्हणायचो, वयच तसं आहे. या वाक्यात किती तथ्य होतं ते मला पुढे पंधरा-वीस वर्षांनी कळलं.

स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात आला तेव्हा त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली. सुरुवातीच्या दिवसांत कुणीतरी जाणत्या माणसाने आईला विचारलं होतं, "लहानपणी घरातलं वातावरण कसं होतं?" प्रश्न रीतसरच होता. तो आईच्या मनात रुतून बसला. ती सात ओळींची यादी त्याच रात्री लिहिली गेली असावी, असा माझा अंदाज आहे.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया 'निर्माण करणाऱ्या' आईची कल्पना मांडली. वागण्यात कोरडी, हट्टी, मुलाला झिडकारणारी आई, आणि तिच्यामुळे बिघडलेलं मूल. बाई स्वतः रुग्णांशी फार मायेने वागत असं म्हणतात, त्यामुळे हे सगळं जास्तच चमत्कारिक वाटतं. पुढची दोन-तीन दशकं कितीतरी घरांतल्या आया ही कल्पना पदरात घेऊन जगल्या. कुणी तिचा पुरावा मागितला नाही. मेंदूत डोकावून बघायची सोय नव्हती आणि आई मात्र समोर बसलेली होती.

मी शास्त्रज्ञ नाही. कामावरून आल्यावर, रात्री, दादाच्या खोलीतला दिवा चालू आहे की बंद याकडे एक डोळा ठेवून मी वाचत गेले. आधी औषधांबद्दल, मग आजाराबद्दल, आणि मग हळूहळू आजाराला सोडून मेंदू मुळात तयार कसा होतो याबद्दल. त्या वाटेवर मला भेटलेला पहिला माणूस पीटर हटनलॉकर.

हा लहान मुलांचा मेंदूतज्ज्ञ. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या मेंदूत काय वेगळं असतं ते त्याला शोधायचं होतं. त्यासाठी आधी निरोगी मेंदूत काय असतं ते ठाऊक हवं, म्हणून तो मोजायला बसला. मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे पातळ काप, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात ते सांधे, म्हणजे सिनॅप्स. एकेक करून. नवजात बाळापासून नव्वदीच्या माणसापर्यंत २१ मेंदू त्याने पाहिले. १९७९ मध्ये निष्कर्ष छापले तेव्हा त्यांत सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट होती. कपाळामागच्या भागात सिनॅप्सची सर्वांत जास्त दाटी एक ते दोन वर्षांच्या मुलांत होती, मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट. मग ती कमी होत जाते आणि सोळाव्या वर्षाच्या सुमाराला स्थिरावते. मूल चालायला शिकतं, बोलायला, वाचायला, खोटं बोलायला, प्रेमात पडायला शिकतं, आणि या सगळ्या काळात त्याच्या डोक्यातल्या जोडण्या कमी होत असतात.

हटनलॉकरने हे हाताने मोजलं. २०२४ मध्ये हार्वर्डच्या जेफ लिक्टमनच्या गटाने गूगलच्या संगणकांच्या मदतीने माणसाच्या मेंदूचा एक घन मिलिमीटर तुकडा संपूर्ण रेखाटला. तेवढ्यात ५७,००० पेशी आणि सुमारे १५ कोटी सिनॅप्स निघाले. मीठाच्या एका जाड खड्याएवढा तुकडा तो. हा आकडा वाचल्यावर मला त्या नव्या यंत्रांपेक्षा एकट्याने मोजत बसलेला हटनलॉकरच जास्त आठवत राहिला. २०१३ मध्ये तो गेला. शेवटच्या काळात त्याला पार्किन्सन्स झाला होता.

या कमी होण्याला इंग्रजीत बागकामातला शब्द आहे, मराठीतही आपण छाटणी म्हणतो. मला तो शब्द पूर्ण पटत नाही. छाटणीला माळी लागतो, त्याच्या डोळ्यांपुढे झाडाचा आकार असतो. इथे असा कुणी नाही. पायवाट जास्त जवळची वाटते. मैदानावरून लोक हवे तसे चालतात. जिथून पावलं पडत राहतात तिथली माती दबते, बाकीच्यावर गवत येतं. वापरातली जोडणी टिकते, पडीक जाते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६३ मध्ये मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही महिने बंद ठेवून हे दाखवलं. डोळा पुन्हा उघडला, डोळ्यात दोष काहीच नव्हता, तरी पिलू त्या डोळ्याने जवळजवळ आंधळं. मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली. मोठ्या मांजरीचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नाही. म्हणजे काय घडलं याइतकंच केव्हा घडलं याला वजन आहे. दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. पिलांबद्दल वाचताना मला फार बरं वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

पायवाटेवर गवत आपोआप येतं. मेंदूतला सिनॅप्स आपोआप जात नाही, तो कुणीतरी खातं, आणि ते कोण हे कळायला बराच वेळ लागला. १९१९ मध्ये माद्रिदमध्ये पीओ देल रिओ-ओर्तेगाने चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून एक नवी पेशी वेगळी ओळखली. लहान, फांद्या फुटलेली. तिला मायक्रोग्लिया म्हणतात. ही मेंदूची जन्मजात रहिवासी नाही. गर्भाच्या अगदी सुरुवातीला ती बाहेरून स्थलांतर करून येते आणि मग कायमची राहते. जंतूंशी लढायचं, मेलेल्या पेशी उचलायच्या, एवढंच तिचं काम असं दीर्घकाळ धरून चाललेलं होतं. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत थेट पाहता आलं तेव्हा दिसलं, की शांत बसलेली मायक्रोग्लिया खरं तर कधीच शांत नसते. तिच्या फांद्या सतत हलत असतात, आजूबाजूची जागा चाचपत असतात. रात्री घरभर फिरून कड्या तपासणाऱ्या माणसासारखं.

बेन बॅरस मुळात मेंदूविकारांचा डॉक्टर. चेतापेशींच्या आजूबाजूच्या ज्या पेशींना सगळे भराव समजत, त्यांच्या मागे लागून तो संशोधनात आला. २००७ मध्ये त्याने आणि बेथ स्टीव्हन्सने उंदरांत एक विलक्षण गोष्ट दाखवली. रक्तात जंतू शिरला की शरीर त्याच्यावर काही प्रथिनं चिकटवतं. याला खा, अशी ती खूण. तीच प्रथिनं, C1q आणि C3, वाढत्या मेंदूत जास्तीच्या सिनॅप्सवर चिकटलेली सापडली. २०१२ मध्ये स्टीव्हन्सच्या प्रयोगशाळेत दिसलं की मायक्रोग्लिया त्या खुणा ओळखून सिनॅप्स गिळते. मेंदूने घडण्यासाठी नवं हत्यार शोधलं नव्हतं. शत्रूसाठी असलेलं हत्यार त्याने स्वतःवर वापरलं होतं.

हे वाचलं त्या रात्री मी दादाच्या खोलीत गेले. तो जागाच होता. दारात उभी राहिले आणि काही न बोलता परत आले. काय सांगणार होते?

आता पंधरा-वीस वर्षांनी कळलेली गोष्ट. अर्विन फाइनबर्ग नावाचा मनोविकारतज्ज्ञ झोपेचा अभ्यास करायचा. गाढ झोपेतल्या संथ लहरी लहान मुलांत खूप उंच असतात आणि किशोरवयात त्या झपाट्याने खाली येतात, हे त्याला दिसत होतं. १९८२ मध्ये त्याने तर्क मांडला की हे उतरणं म्हणजेच सिनॅप्सची छाटणी असावी, आणि स्किझोफ्रेनिया नेमका याच वयात उगवतो तो या छाटणीत गफलत झाल्यामुळे असावा. हातात फारसा पुरावा नसताना झोपेच्या आलेखांवरून काढलेला हा अंदाज. तो तीसेक वर्षं तसाच पडून होता. २०१६ मध्ये जनुकतज्ज्ञ स्टीव्ह मॅकॅरोलच्या गटाने सुमारे ६५,००० लोकांचा डीएनए तपासला. या संशोधनात स्टीव्हन्सही सामील होती. सहाव्या गुणसूत्रावरचा जो पट्टा स्किझोफ्रेनियाशी सर्वांत ठळकपणे जोडलेला दिसत होता, तिथे त्यांना C4 नावाचं जनुक सापडलं. C3 च्या आधी कामाला लागणारं, त्याच साखळीतलं. हे जनुक प्रत्येकात वेगवेगळ्या रूपात आणि वेगवेगळ्या संख्येत असतं. जी रूपं मेंदूत C4A हा C4 चा प्रकार जास्त बनवतात त्यांच्यासोबत आजाराचा धोका वाढतो. उंदरांतून C4 काढून टाकलं तर छाटणी कमी होते.

ही बातमी मी दादाला सांगितली, यावेळी दारात उभी न राहता, समोर बसून. तो अलीकडे बरा असतो. औषधं नीट घेतो, अर्धवेळ काम करतो, आवाज आले तरी त्यांना 'पाहुणे' म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे जरा जास्तच साफसफाई झाली म्हणायची." आणि हसला. मीही हसले. मग तो म्हणाला, "आईला सांग. तिला आवडेल, कुणीतरी साफसफाई केली हे."

मी लगेच सांगितलं नाही. कारण तोवर मला एवढं कळायला लागलं होतं, की ही गोष्ट बातमीत दिसते तितकी सरळ नाही. C4 मुळे धोका वाढतो तो थोडासाच. २०२२ मध्ये ७६,००० हून जास्त रुग्णांच्या डीएनएचा अभ्यास आला, त्यात जनुकसंचातल्या २८७ जागा आजाराशी जोडलेल्या निघाल्या, बहुतेकींचा वाटा चिमूटभर. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तरी निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा दुसऱ्याला तो होत नाही. आणि मग मिनोसायक्लिनचं प्रकरण. २०१९ मध्ये एका अभ्यासात रुग्णांच्या रक्तातल्या पेशींपासून मायक्रोग्लियासारख्या पेशी तयार केल्या. त्या खरोखरच जास्त सिनॅप्स गिळत होत्या आणि मिनोसायक्लिन या जुन्या, मुरुमांवर देतात त्या प्रतिजैविकाने त्यांची भूक कमी झाली. मी ते वाचून अक्षरशः खुर्चीतून उठले होते. मुरुमांवरची गोळी! दादाला तेव्हा चेहराभर मुरुमं होती. कुणी दिली असती तर? सकाळी शुद्धीवर येऊन पुढे शोधलं तर वर्षभर आधीच, २०१८ मध्ये, आजार नुकताच सुरू झालेल्या २०७ जणांवर या गोळीची रीतसर चाचणी झालेली होती आणि तिचा काहीही उपयोग दिसला नव्हता. कदाचित तोवर उशीर झालेला असतो. कदाचित गोष्टच वेगळी आहे. त्या एका रात्रीत मी यादीला आठवी ओळ जोडली होती, हे मात्र मला सकाळी लक्षात आलं. गोळी दिली नाही.

छाटणी जास्त झाली की आजार, कमी झाली की सगळं छान, असंही नाही. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूंचा कोलंबिया विद्यापीठात अभ्यास झाला, २०१४ मध्ये. इतर मुलांत बालपण संपता संपता सिनॅप्सची दाटी जवळपास निम्म्याने उतरते, या मुलांत ती फक्त १६ टक्क्यांनी उतरली होती. वेगाचंही तेच. माणसाच्या चेतापेशी विलक्षण सावकाश पिकतात. उंदराच्या काही आठवड्यांत तयार होतात, आपल्यांना महिने, वर्षं लागतात. माणसाच्या पेशी उंदराच्या मेंदूत नेऊन सोडल्या तरी त्या यजमानाचं घड्याळ मानत नाहीत, आपल्याच चालीने वाढतात. बेल्जियममधल्या पिएर व्हांडरहेगन यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं की SYNGAP1 या जनुकात बिघाड असेल तर या पेशी घाईने पिकतात. आणि या बिघाडासोबत मुलांत बौद्धिक अडचणी, फिट्स, ऑटिझम दिसतो. लवकर मोठं होणं हादेखील आजार असू शकतो, हे आमच्या शाळेतल्या हुशार मुलांच्या पालकांना कुणी सांगितलं नसतं.

मग आरंभ कुठे शोधायचा? डॅनियल वाइनबर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९८७ मध्ये सुचवलं, की बिघाड फार आधी, कदाचित जन्माआधीच घडतो आणि गप्प बसून राहतो. मेंदूचा तो भाग कामाला लागायची वेळ आली, की तो उघडा पडतो. हे ऐकायला गूढ वाटतं, पण त्याच्या खुणा मिळाल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९४६ साली एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. त्यांतल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला ती मुलं इतरांपेक्षा सरासरी १.२ महिने उशिरा चालली होती. सव्वा महिना! कुठल्या आईच्या लक्षात येईल? एलेन वॉकर या संशोधिकेने तर घरगुती चित्रफिती मागवल्या. वाढदिवस, अंगणात खेळणारी भावंडं. पुढे ज्यांना आजार झाला त्यांच्या बाळपणाच्या हालचालींत, विशेषतः डाव्या हाताच्या, बारीक वेगळेपण दिसलं. तेव्हा त्या घरातल्या कुणालाच काही दिसलं नव्हतं.

आमच्याकडे चित्रफिती नाहीत. अल्बम आहे. मी तो काढून बसले आणि सगळ्या फोटोंत दादाचा डावा हात बघत गेले. रांगताना, पाटीवर काहीतरी गिरवताना, माझ्या खांद्यावर टाकलेला. एका फोटोत मी कपाळाला पट्टी बांधून रडवेली उभी आहे आणि तो शेजारी, डावा हात खिशात. खिशातल्या हातावरून काय कळणार, म्हणून मी पान उलटलं. शेवटपर्यंत पाहिलं. हात हातासारखा होता.

शेवटी आईला सांगितलं, एका दुपारी. छाटणी, मायक्रोग्लिया, सगळं सोप्या शब्दांत. मी म्हटलं, "आई, हे बाबांच्या हात उगारण्याने होत नाही, जागरणाने होत नाही. मेंदूची घडण आधीपासूनच तशी होत आलेली असते. कदाचित जन्माच्याही आधीपासून." मला वाटलं होतं, तिच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोटात असतानाच? तेव्हा मी काय केलं गं?"

विज्ञान सांगताना समोर कोण बसलंय ते बघावं लागतं हे मी त्या दुपारी शिकले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, जर्मन सैन्याने अन्नाची वाट अडवलेली. भुकेच्या ऐन कडाक्यात ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. हे मला माहीत होतं, जिभेवर होतं. मी गिळलं. आईच्या यादीतल्या काही ओळीही अगदीच निराधार नाहीत. जन्माच्या वेळची गुंतागुंत, लहानपणी सोसलेला जाच, यांनी लोकसंख्येत धोका काहीसा वाढतो. लोकसंख्येत. हा शब्द मी आईला समजावू शकले नाही. हजारो घरं एकत्र ठेवली तर एक रेघ दिसते, आणि त्यातल्या एका घराकडे बोट दाखवून 'इथे हे यामुळे झालं' असं कुणीही म्हणू शकत नाही. दुप्पट झालं तरी त्या भुकेत गर्भात आलेल्या बहुसंख्य मुलांना काहीही झालं नाही. जुळ्यांतल्या त्या दुसऱ्या, निरोगी भावंडाला का झालं नाही हे सांगणारी ओळ कुठल्याच यादीत नसते.

संशोधकांना हे आयांचं आठवणं ठाऊक असतं. मूल आजारी पडलं की घरचे मागे जाऊन उकरतात, आणि निरोगी मुलाच्या घरी तोच ताप, तेच पडणं विसरून गेलेले असतात. म्हणून त्या ब्रिटिश अभ्यासाला किंमत. तिथल्या नोंदी मुलं लहान असतानाच झालेल्या होत्या, पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसताना. आमच्या घरात माझं काही कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी केव्हा चालले, आईला सांगता येत नाही.

"वयच तसं आहे" या वाक्याकडे मी अजूनही परत परत येते. २०२१ मध्ये जगभरातले १९२ अभ्यास एकत्र केले तेव्हा मनोविकार सुरू होण्याचं सर्वांत दाट वय साडेचौदा निघालं, आणि ६२.५ टक्के विकार पंचविशीच्या आत सुरू झालेले. २०२२ मध्ये एक लाखावर लोकांचे मेंदूचे स्कॅन जोडून वाढीचे आलेख काढले गेले, बाळाच्या वजनाचे असतात तसे. पेशींचा करडा भाग सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मोठा असतो आणि तिथून उतरणीला लागतो. तारांचा पांढरा भाग एकोणतिशीच्या तोंडाशी कुठे शिखर गाठतो. एकीकडे उसवणं, दुसरीकडे विणणं, वीसेक वर्षं एकाच वेळी. दादा एकोणीस वर्षांचा होता तेव्हा त्याचं घर अर्धवट बांधलेलं होतं, माझंही. आम्ही दोघं त्याच अर्धवट डोक्यांनी त्या घड्याळाकडे बघत होतो.

औषधांच्या बाबतीत सांगण्यासारखं कमी आहे. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं, तेव्हापासूनची बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा एक दरवाजा अडवतात. वेगळ्याच दरवाजाने जाणारं पहिलं औषध अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. छाटणीवर काम करणारं अजून काही नाही. दादाला जुनंच औषध मानवतं, वजन वाढतं, हात थोडा थरथरतो. मराठीत या आजारासोबत जगणाऱ्या माणसाला शुभार्थी म्हणायची पद्धत पडली आहे. दादाला तो शब्द सोहळ्याच्या पत्रिकेतला वाटतो. तो स्वतःला 'जुना पेशंट' म्हणवतो, जरा ऐटीत.

मागच्या महिन्यात डॉक्टर बदलले. आधीचे निवृत्त झाले. बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो होतो, फॉर्म भरायचा होता. आई चष्मा घरी विसरली होती. "पहिलं पान वाच गं," ती मला म्हणाली, "मी ऐकून सांगते काय लिहायचं ते." मी वाचायला लागले. उशिरा रडला. ताप, फिट. सहाव्या वर्षी घसरगुंडीवरून पडला, कपाळाला चार टाके.

"तो मी नव्हतो," दादा म्हणाला.

"काय मी नव्हतो?"

"पडलो तो. ही पडली होती. मी वर उभा होतो, हिला ढकललं होतं. मग डॉक्टरकडे हिचा हात धरून बसलो होतो."

"काहीतरीच," आई म्हणाली. "तुझं कपाळ रक्ताने माखलेलं मला आठवतंय ना. माझं पातळ भिजलं होतं."

दादाने वाद घातला नाही. त्याने थरथरता डावा हात पुढे केला आणि माझ्या कपाळावरचे केस बाजूला सारले. केसांच्या रेषेपाशी तिथे एक खूण आहे. लहानपणापासून आहे. ती कशाची हे मी कधी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मी चार वर्षांची असेन, मला काही आठवत नाही.

आईला नीट दिसत नव्हतं. तिने बोट ठेवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, मग परत.

"चारच आहेत," ती म्हणाली.